चौथी टीम

जून महिन्यात शाळा उघडली की आमच्या शिक्षकांच्या खोलीत दोन गोष्टी ठरलेल्या असत. वेळापत्रकावरून भांडण आणि सरखोत सरांचं वर्षफल. भांडण दर वर्षी त्याच माणसांचं आणि त्याच तासांवरून व्हायचं, त्यामुळे त्यात कुणाला राम वाटत नसे. वर्षफल ऐकायला मात्र तास चालू असलेले शिक्षकसुद्धा वर्गाला शुद्धलेखन देऊन दारात येऊन उभे राहत.

बशीर सरखोत हे आमचे खेळाचे शिक्षक. त्यांचं वर्षफल राशींचं नसे, शाळांचं असे. आमच्या जिल्ह्यात मुलींचा बेसबॉल खेळणाऱ्या शाळा चारच. आमची, खाडीपलीकडची, श्रीवर्धनची एक आणि तळ्याची एक. बाकी सगळा मुलूख कबड्डीचा. बेसबॉल म्हटलं की पालक विचारायचे, म्हणजे क्रिकेटच ना? पाऊस ओसरता ओसरता जिल्ह्याच्या ठिकाणी या चार शाळांची स्पर्धा व्हायची, आणि तिच्यात कोण तरणार, कोण बुडणार हे सर जूनमध्येच सांगून मोकळे होत.

“श्रीवर्धनवाल्यांची बॅट चालते,” टेबलाच्या कडेला टेकून ते सुरुवात करायचे. “पण फिल्डिंगला अशा उभ्या राहतात, जशा वाडीत सुपाऱ्या राखायला बसवल्यात. चेंडू पायाशी आला की मग वाकायचं. तळ्याच्या पोरी पळतात झकास, पण कुठं पळायचं ते पळायला लागल्यावर ठरवतात. पलीकडं चेंडू टाकणारी पिचर हाय, तो पकडणारी कॅचर न्हाय. आपल्याकडं दोघी हायत, पण त्यांचं एकमेकींशी बोलणं बंद हाय.”

“मग जिंकणार कोण?” हेडसर विचारायचे.

“इन्शाल्लाह, आपणच. पण मेहनत त्यांनी जास्त केलीय.”

‘त्यांनी’ म्हणजे बाकीच्या तिघांनी. हे त्यांना माहीत असायचं, कारण ती मेहनत करून घेणारेही तेच. त्या तिन्ही शाळांतल्या खेळाच्या शिक्षकांना बेसबॉल शिकवला सरखोत सरांनी, मुलींना हातमोजा कसा घालायचा हे दाखवलं सरखोत सरांनी, आणि अजूनही दर रविवारी आपली सुट्टी सोडून ते कुठल्या तरी एका प्रतिस्पर्धी शाळेच्या मैदानावर असत. जगात असा कोच दुसरा नसेल. म्हणजे असेलही, पण त्याला त्याच्या हेडसरांनी ठेवून घेतला नसेल.

मी मूळची तळ्याची, शाळेत मराठी शिकवते. सर माणसांना आडनावाने कधी हाक मारत नसत, गावाने मारत. गणिताचे महाडचे शिक्षक ते ‘महाडवाले’, शिपाई ते ‘नांदगावकर’, आणि मी ‘तळेवाल्या बाई’. “तळेवाल्या बाई, तुमच्या माहेरच्या पोरींना सांगा, बेसवर पोचल्यावर फोटोला उभं राहिल्यासारखं थांबू नका म्हणावं.” जणू मीच त्यांची लहानपणापासून तयारी करून घेतली होती.

माणूस दिसायला अगदी साधा. बुटका, रुंद खांद्यांचा, डोक्यावर रंग उडालेली टोपी, पायात रबरी चपला. बूट त्यांनी वापरले नाहीत, कारण त्यांचं मैदान बूट टिकू देणारं नव्हतं. पावसाळ्यात शाळेच्या पटांगणात घोटाभर पाणी साचतं, त्यामुळे बेसबॉलचा सराव चालायचा तो ओहोटीला, ओल्या वाळूवर. आणि ओहोटी काही शाळेच्या घंटेवर होत नाही. तिची वेळ रोज पुढे सरकते, आणि किती सरकते हे आमच्या किनाऱ्यावर तिथीवरून कळतं. म्हणून सकाळी सही करायला आले की सरांचा पहिला प्रश्न, “बाई, आज तिथी कोणती?” खरं तर त्यांना ती माहीत असे, मला उगाच परीक्षेला बसवायची खोड. गावात म्हणत, देवळातले जोशीबुवा एकादशी चुकतील, पण पाच वेळा नमाज पढणारे सरखोत चुकणार नाहीत.

खाऱ्या पाण्याने बेसबॉलच्या चेंडूची शिवण उसवते. नवे चेंडू वारंवार मिळत नसत, म्हणून सर ते स्वतः शिवत. कोळ्यांकडून आणलेला जाळ्याचा दोरा आणि जाड सुई त्यांच्या खिशात कायम. शिक्षकांच्या सभेत हेडसर निकालाच्या टक्केवारीवर तळमळून बोलत असत आणि मागच्या बाकावर सरांची सुई चालू असे. एकदा हेडसर चिडून म्हणाले, “सरखोत, तुमचं लक्ष कुठे आहे?”

“तुमच्याकडंच हाय साहेब, बोला. हात तेवढे मोकळे होते.”

त्यांच्या शिकवण्यात एकच मोठी गफलत झाली होती, आणि ती समजली तेव्हा सगळ्या जिल्ह्याची करमणूक झाली. बेसबॉलमध्ये कोच बाजूला उभा राहून मुलींना हाताने इशारे करतो. कानाला हात लावला की पळ, पुढचा बेस चोर. नाकाला हात लावला की बॅट आडवी धरून चेंडू नुसता टपकव. पोटावर हात फिरवला की जागची हलू नकोस. हे इशारे गुपित असायला हवेत, समोरच्यांना कळले तर त्यांचा उपयोग काय? पण सरांना इशारे येत होते तेवढेच. ते त्यांनी आपल्या मुलींना शिकवले, मग पलीकडच्या शाळेला, मग श्रीवर्धनला, मग तळ्याला.

स्पर्धेत पहिल्याच सामन्याला आमची मुलगी पहिल्या बेसवर पोचली. सरांनी कानाला हात लावला. श्रीवर्धनच्या मुली सुपाऱ्या राखणाऱ्या खऱ्या, पण डोळे शाबूत होते. आमची मुलगी पोचायच्या आधीच दुसऱ्या बेसवर चेंडू घेऊन त्या तिची वाट बघत उभ्या. पुढे श्रीवर्धनच्या कोचने नाकाला हात लावला, तर आमच्या मुली आधीच पुढे सरकून बसलेल्या. दिवसभर चारी शाळांचे कोच कान-नाक चाचपत होते आणि सगळं मैदान ते वाचत होतं.

दुपारच्या सामन्यापासून सरांनी दोन्ही हात खिशात घातले. हलायचंच नाही, म्हणजे काही कळायचं नाही. पण नेमकी त्यांच्या नाकावर माशी बसली. त्यांनी मान हलवली, फुंकर मारली, ओठ वाकडे केले. शेवटी राहवलं नाही आणि त्यांनी नाक खाजवलं. बॅटवरच्या मुलीने इमानेइतबारे चेंडू टपकवला, समोरच्या चौघी एकदम त्याच्यावर धावून आल्या, एकमेकींवर आपटल्या, आणि या गोंधळात आमची रन झाली. सामना आम्ही जिंकलो. बक्षीस समारंभात सर म्हणाले, “आपलं काय न्हाय, माशीचे उपकार.”

“आता तरी इशारे बदला,” मी म्हटलं.

“बदलले असते हो,” सर गंभीरपणे म्हणाले. “पण बदलले म्हणजे परत चारी शाळांत जाऊन शिकवायला लागतील ना.”

मी हसून हसून बेजार झाले. पण त्यांना त्यात काही हसण्यासारखं वाटलं नव्हतं. समोरच्यांना न शिकवता आपण शिकायचं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरतच नसे. मी एकदा विचारलंही, “सर, तुम्ही शत्रूला एवढं तयार का करता?” तेव्हा चेंडू शिवता शिवता मान वर न करता म्हणाले, “समोर कुणी नसंल तर आपण खेळायचं कुणाशी, बाई? दर्याशी?”

अफरीन त्यांना सापडली ती आगरदांड्याच्या जेट्टीवर. ती पलीकडच्या, दिघीच्या बाजूच्या गावातली. बाप कुवेतला नोकरीला, घरात आई आणि मामा. मामाची होडी होती. एका रविवारी सर पलीकडे शिकवायला निघाले होते. मामाची होडी धक्क्याला लागत होती आणि तिच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभ्या असलेल्या सातवीतल्या पोरीने दोराचं वेटोळं धक्क्यावरच्या खुंटावर फेकलं. अंतर बरंच होतं, होडी हलत होती, आणि वेटोळं खुंटावर जाऊन बसलं. सर म्हणाले, “परत टाक बघू.” तिने परत टाकलं. सरांची बोट त्या दिवशी त्यांना न घेताच गेली.

पुढच्या जूनपासून अफरीन आमच्या शाळेत आठवीला. खरं तर पलीकडे तिच्या घराजवळच शाळा होती. पण सर तिच्या घरी गेले, आईला म्हणाले, पोरीच्या हातात अल्लाची देणगी हाय, मी तिची जबाबदारी घेतो. रोज सकाळच्या पहिल्या बोटीने ती यायची आणि सराव संपवून संध्याकाळच्या बोटीने जायची. बोट चुकली तर सरांच्या घरी राहायची. सरांची बायको तिची वेणी घालून द्यायची. सरांना मूलबाळ नव्हतं. ते कधी बोलून दाखवत नसत, पण अफरीन नव्या तऱ्हेचा चेंडू टाकायला शिकली की त्या दिवशी सर सगळ्यांना चहा पाजत.

ती बोलायची कमी. मराठीच्या तासाला खिडकीशी बसायची आणि विचारल्याशिवाय तोंड उघडत नसे. सरांशी मात्र भांडायचीसुद्धा. “सर, तुम्ही सांगता तसा खांदा वळवला तर चेंडू बाहेर जातो.” “जाऊ दे बाहेर. शंभरदा बाहेर गेला की मग आत येतो.” आठवीत असतानाच तिच्या चेंडूला दहावीच्या मुली बिचकू लागल्या. त्या वर्षी आम्ही जिल्हा जिंकलो आणि विभागात हरलो. परतताना गाडीत सर मला हळूच म्हणाले, “पुढल्या वर्षी ही पोर आपल्याला राज्याला घेऊन जाते बघा.”

आणि मग ते पुढलं वर्ष उजाडलं.

त्या जूनमध्ये सरांनी वर्षफल सांगितलंच नाही. आम्ही वाट बघत होतो. वेळापत्रकाचं भांडणही उरकलं. सर खिडकीपाशी उभे राहून बाहेर बघत होते. “काय सर, यंदा ग्रह दिसत नाहीत का?” महाडवाल्यांनी छेडलं. तर म्हणाले, “चौथी टीमच न्हाय.”

झालं असं होतं की पलीकडच्या शाळेची पिचर आईबापांबरोबर पनवेलला राहायला गेली होती. तिच्यासोबत आणखी दोघी बाहेर शिकायला गेल्या. तिथल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, सर, माफ करा, चेंडू टाकणारीच नाही तर टीम उतरवून मुलींचं हसं कशाला करायचं? आणि जिल्ह्याच्या बैठकीत तर आधीच सांगण्यात आलं होतं, चार संघ आले नाहीत तर यंदापासून या खेळाची स्पर्धा घेतली जाणार नाही. तीन शाळांसाठी मैदान, पंच, जेवण कोण करणार? स्पर्धा एकदा बंद झाली की बंदच. मग श्रीवर्धनची शाळा कशाला शिकवेल, तळ्याची कशाला शिकवेल, आणि आमच्या मुली तरी कुणाशी खेळतील? सरांनी इतक्या वर्षांत जे उभं केलं होतं ते एका पिचरवर येऊन अडलं होतं. आणि पलीकडे घर असलेली पिचर संबंध जिल्ह्यात उरली होती एकच.

त्या आठवड्यात सर रोज पलीकडे जात होते. मला वाटलं, तिथल्या कुणा मुलीला तयार करताहेत. शनिवारी ते शिक्षकांच्या खोलीत आले, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि मला म्हणाले, “बाई, अफरीनचा दाखला काढायचाय. अर्ज कसा लिहायचा तेवढं सांगा.”

“कशाला?”

“पलीकडच्या शाळेत घालतोय तिला. तिचं गावच हाय ते. तिच्या अब्बांशी कालच बोललोय कुवेतला. ते म्हणाले, सर, तुम्ही सांगाल तसं. तिकडच्या बाईंशीपण बोललोय. टीम उतरवतो म्हणाल्या.”

मी जरा जोरातच बोलले असेन, कारण दारातला शिपाई वळून बघायला लागला. आपल्या शाळेची सगळ्यात गुणी मुलगी तुम्ही उचलून समोरच्यांना देता? राज्याला जायची ती हिच्या जोरावर ना? आणि पोरीला ज्या मैत्रिणींची सवय झाली, त्यांच्याविरुद्ध उभं करणार?

“दिली न्हाय बाई, पाठवली,” ते म्हणाले. “स्पर्धा टिकली तर ती खेळंल. स्पर्धाच गेली तर आपल्याकडं राहून ती काय करणार? वाळूवर चेंडू टाकत बसणार?”

त्यांचं चुकत होतं असं मला छातीठोकपणे म्हणता येईना, आणि त्यामुळे मला जास्तच राग आला.

सोमवारी त्यांनी अफरीनला बोलावून घेतलं. मी तिथेच वह्या तपासत बसले होते. सर तिला म्हणाले, “बेटा, उद्यापासून तिकडच्या शाळेत जायचं. अब्बांशी बोललोय. सगळं ठरलंय.” एवढंच. चौथ्या टीमचं नाही, स्पर्धेचं नाही, काही नाही. बोटीची वेळ बदलली असं सांगावं तसं सांगितलं.

अफरीन उभी राहिली. हातात तिचा हातमोजा होता. ती म्हणाली, “माझं काय चुकलं, सर?”

“काय न्हाय चुकलं.”

तिने हातमोजा टेबलावर ठेवला आणि ती गेली. मधल्या सुट्टीत मला ती नळापाशी सापडली. तोंड धूत होती, पुन्हा पुन्हा. “बाई, मला काढलं काय?” तिने विचारलं. मी समजावायला गेले, तर मान हलवून निघून गेली.

मी तडक सरांकडे गेले. म्हटलं, “ती रडतेय. नीट समजावून तरी सांगा.”

“रडंल दोन दिवस,” सर म्हणाले. सुई त्यांच्या हातात होती, पण दोरा ओवला जात नव्हता. “आपली पोर हाय ती. समजवायचं परक्या माणसाला असतं, बाई. आपल्या माणसाला नुसतं सांगायचं.”

आमच्याकडे हे असंच चालतं, म्हणून मीही तेव्हा पुढे बोलले नाही. लग्न ठरवताना, शाळा बदलताना, गाव सोडताना, घरातल्या पोरींना कोण विचारतं? माझ्या बापानेही मला सांगितलंच होतं.

शाळेत व्हायचं ते झालं. हेडसर भडकले, आणि त्यांचं भडकणं बरोबरही होतं. मुलींचे पालक येऊन ओरडून गेले. एका आईने तर सरांना तोंडावर सुनावलं, “खाता आमच्या शाळेचं आणि गाता पलीकडचं.” सरांनी ऐकून घेतलं. कार्यकारिणीची सभा झाली आणि त्या वर्षापुरतं सरांना बेसबॉलच्या टीमपासून दूर ठेवायचं ठरलं. टीमबरोबर कुणी तरी बाई हव्यात म्हणून ते लोढणं माझ्या गळ्यात आलं. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. मुली आपापला सराव करत, मी छत्री घेऊन वाळूवर उभी राहत असे. सर तिकडे फिरकत नसत. फक्त सकाळी सही करताना विचारत, “बाई, आज तिथी कोणती?” आता मात्र ते परीक्षा घेत नव्हते. मी मुलींना वेळेवर नेते की नाही, तेवढं त्यांना हवं असायचं.

पलीकडे शिकवायला जाणं त्यांनी सोडलं नाही. दर रविवारी जात. पण अफरीन त्यांच्याशी बोलत नव्हती. सांगतील ते करायची, चेंडू टाकायची, आणि सराव संपला की पाठ फिरवून घरी. पूर्वीसारखी भांडतसुद्धा नव्हती. “खांदा लवकर उघडतेस म्हटलं, तर नुसती ‘जी’ म्हणाली,” त्यांनी मला एकदा सांगितलं. त्या दोन महिन्यांत माणूस म्हातारा दिसायला लागला.

स्पर्धेच्या दिवशी मैदानावर चार शाळांच्या चार टीमा उतरल्या. पलीकडच्या शाळेत बदली खेळाडूसुद्धा नव्हती, जेमतेम नऊजणी. सर स्वतः एसटीने आले होते. ते आमच्या मुलींकडे बसले नाहीत, पलीकडच्यांकडेही नाहीत. दोन्ही टीमांच्या मधोमध, कुंपणाजवळच्या गुलमोहराखाली मांडी घालून बसले. तळ्याच्या मुली आमच्याकडून हरल्या. मला त्यांची फार दया आली, माहेर आहे शेवटी. श्रीवर्धनला पलीकडच्यांनी हरवलं, म्हणजे खरं तर अफरीननेच. दुपारी अंतिम सामन्याला आमच्यासमोर तीच उभी.

मला खेळ कळत नाही, पण तो सामना कळायला खेळ कळायची गरज नव्हती. आमच्या मुली एकेक करून बॅट घेऊन जात आणि एकेक करून परत येत. जी मुलगी वर्षभर तिचा चेंडू पकडत होती, तिची जिवाभावाची मैत्रीण, तीसुद्धा परत आली. अफरीनच्या चेहऱ्यावर ना राग, ना आनंद. चेंडू टाकायची, परत मिळाला की पुन्हा टाकायची. शेवटची मुलगी बाद झाली तेव्हा पलीकडच्या मुली नाचत तिच्या अंगावर पडल्या. तीही हसली, पण तिची नजर गुलमोहराकडे गेली नाही.

सर उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. एकटेच. आमची कॅप्टन माझ्याशेजारी डोळे पुसत होती. ती म्हणाली, “बाई, सर नक्की कुणाचे हो?”

परतीला दोन्ही शाळांची मिळून एकच गाडी होती, दर वर्षीसारखी. सर एसटी स्टँडकडे चालत निघाले होते, मी गाडी थांबवून त्यांना चढायला लावलं. ते ड्रायव्हरशेजारी बसले. आमच्या मुली वाटेत आपापल्या घरांपाशी उतरत गेल्या आणि गाडी पलीकडच्या मुलींना सोडायला आगरदांड्याच्या जेट्टीवर आली, तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. बोट लागलेलीच होती. मुली दंगा करत उतारावरून बोटीत शिरल्या. अफरीन सगळ्यांच्या मागे होती.

सर तिच्या वाटेत उभे राहिले. काहीतरी बोलायचं त्यांनी ठरवलं असावं, पण तोंडातून आलं ते भलतंच. “शेवटच्या दोन चेंडूंना खांदा बरोबर ठेवलास,” ते म्हणाले.

अफरीन थांबली. मला वाटलं, ‘जी’ म्हणून निघून जाईल. पण ती म्हणाली, “सर, तिकडच्या बाईंनी मला सांगितलं. चौथ्या टीमचं. तुम्ही कशासाठी पाठवलंत ते.”

सरांनी मान हलवली.

“तुम्ही तिकडच्या बाईंना विचारलंत. अब्बांना फोन करून कुवेतला विचारलंत.” तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. “मला विचारलं असतंत, तर मी हो म्हटलं असतं.”

बोटीवरून भोंगा झाला. ती उतार उतरून गेली. बोटीवरच्या माणसाने साखळीला हात घातला आणि ओळखीच्या सुरात हाक दिली, “सर, येताय काय?”

“न्हाय,” सर म्हणाले. “आज न्हाय.”

बोट सुटली. वरच्या कठड्याला मुली टेकून उभ्या होत्या, त्यात अफरीन कुठली ते अंतर वाढलं तसं कळेनासं झालं. मी सरांना निघू या म्हणणार होते, पण ते पाण्याच्या दिशेने एक पाऊल पुढे झाले. टोपी काढून त्यांनी हातात धरली.

“बेटा,” ते हळू आवाजात म्हणाले, “तिकडून खेळशील का?”

आणि उत्तर यायचंय असं धरून ते तिथेच थांबून राहिले.